सामाईक कार्यशाळेतील सीएनसी मिलिंग यंत्र : चालकाने घ्यावयाची दक्षता

हाताने चालविण्याच्या मिलिंग यंत्रावर ज्याने उमेदीची दहा-वीस वर्षे घालविली आहेत, त्या कारागिराला कटर जड जाऊ लागल्याचे हँडलवरील हातालाच कळते. आवाज बदलतो, हँडल अडते, आणि विचार करण्यापूर्वीच हात मागे येतो. संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या यंत्रात हे हँडल चालकाच्या हातून काढून घेतलेले आहे. कटरपुढे पोलाद आले काय, व्हाइसचा जबडा आला काय, किंवा कोणी विसरलेला पाना आला काय, यंत्राला त्याची जाणीव नसते. त्याला सांगितलेल्या आकड्यापर्यंत जायचे असते आणि ते तेथवर जाते. म्हणून जुन्या यंत्रावर जी सावधगिरी काम चालू असताना बाळगली जात असे, ती या यंत्रावर काम सुरू होण्यापूर्वीच बाळगावी लागते.

आकड्यांच्या आज्ञेने यंत्र चालविण्याची कल्पना अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक तपासण्यासाठी लागणारे साचे कसे करावेत, या विवंचनेतून ती निघाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने १९५२ साली छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून चालणारे मिलिंग यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखविले. पुढे कागदी पट्टीची जागा संगणकाने घेतली. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा गोव्यात वेर्णा व कुंडई येथील औद्योगिक वसाहतींत आता अशी यंत्रे नवलाईची राहिलेली नाहीत. कारखान्याबाहेर, सर्वसामान्यांना हाताळता येईल अशा कार्यशाळेत अशी साधने आणण्याचा प्रयोगही आपल्याजवळच झालेला आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेतील मूळ संस्थेबाहेरच्या अगदी आरंभीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते.

कारखान्यातील यंत्रावर एक ठरलेला चालक असतो आणि त्याला त्या यंत्राच्या खोडी ठाऊक असतात. सामाईक कार्यशाळेत तसे नसते. सकाळी शेतीपंपाचा भाग दुरुस्त करणारा फिटर येतो, दुपारी तंत्रशाळेचे शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन येतात, संध्याकाळी बचत गटातील महिला लाकडी वा ॲल्युमिनियमचे ठसे करावयास येतात. यंत्र एकच, हात अनेक. प्रस्तुत लेखात या शेवटच्या गोष्टीचा विचार विशेष केलेला आहे, कारण यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत तिच्याविषयी फारसे काही सापडत नाही.

पोशाख आणि अंगावरील वस्तू

मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या स्पिंडलला एखादा धागा सापडला की त्याबरोबर कापड आणि कापडाबरोबर हात ओढला जातो. १९४८ च्या कारखाने अधिनियमातदेखील चालू यंत्राची तपासणी करणाऱ्या कामगाराने अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालावा, अशी तरतूद करण्यात आली होती. ओढणी काढून ठेवावी. साडी असल्यास पदर कमरेला घट्ट खोचून वरून अंगाबरोबर बसणारा एप्रन बांधावा. तथापि सलवार-कुडता किंवा पँट-शर्ट अधिक बरा. मंगळसूत्र कपड्याच्या आत घालावे. अंगठी, कडे, बांगड्या, घड्याळ आणि मनगटावरचा गंडादोरा उतरवून ठेवावा. लांब केसांचा अंबाडा घालून तो टोपीत बांधावा. पुष्कळ कार्यशाळांतून सुरक्षेसाठी म्हणून लांब व सैल बाह्यांचे डगले दिले जातात. ते न दिलेले बरे.

हातमोज्यांविषयी गैरसमज फार आहे. धार लावलेला कटर उचलताना किंवा कडा न घासलेला जॉब हाताळताना हातमोजे अवश्य घालावेत, कारण त्या वेळी स्पिंडल बंद असतो. स्पिंडल फिरत असताना मात्र हातमोजा हे संरक्षण नसून संकट आहे. उघड्या बोटाला ओझरता स्पर्श झाला तर जखम होईल. हातमोज्याची शिवण अडकली तर बोटासह पंजा आत जाईल. डोळ्यांना बाजूने झाकणारा चष्मा हवा. नजरेचा साधा चष्मा त्यासाठी पुरत नाही. पायांत चपला नसाव्यात, पुढून बंद असलेले मजबूत बूट असावेत.

खंडेनवमीला यंत्राची पूजा करण्याचा प्रघात आपल्याकडे सर्वत्र आहे आणि तो चांगलाच आहे. मात्र स्पिंडलला घातलेला झेंडूचा हार आणि त्याचा दोरा यंत्र सुरू करण्यापूर्वी आठवणीने काढावा. अक्षता व कुंकू सरकपट्ट्यांवर पडू देऊ नये आणि नारळ यंत्राच्या बेडवर न फोडता बाहेर फोडावा. नारळाच्या पाण्याने पोलादी पृष्ठभागावर गंज धरतो.

जॉब पक्का बांधणे

कटर जॉबला ढकलीत असतो. जॉब सैल असेल तर तो उडतो किंवा उचलला जाऊन कटर मोडतो, आणि मोडलेल्या कटरचा तुकडा कोणत्या दिशेने जाईल हे सांगता येत नाही. व्हाइसचे जबडे, खालच्या समांतर पट्ट्या आणि जॉबची तळाची बाजू कापडाने पुसून मगच जॉब ठेवावा. मध्ये अडकलेला धातूचा एक कणही जॉबला तिरका धरण्यास पुरेसा होतो. व्हाइसमध्ये न मावणारा जॉब टेबलावर पट्टीचे क्लॅम्प लावून बांधताना बोल्ट जॉबच्या जवळ आणि टेकू दूर ठेवावा, तसेच टेकूची उंची जॉबपेक्षा किंचित अधिक ठेवावी. टेकू ठेंगणा पडला तर दाब जॉबच्या फक्त कडेवर येतो आणि पकड सुटू शकते. पुष्कळ ठिकाणी नेमके याच्या उलट बांधलेले आढळून येते.

कटर होल्डरमधून जरुरीपुरताच बाहेर ठेवावा. कटरची बाहेर आलेली लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच जोराखाली तो दुप्पट नव्हे, आठपट वाकतो. कॉलेट आणि होल्डरचा निमुळता भाग बसविण्यापूर्वी पुसून घ्यावा.

गतीचा हिशेब

कटर किती फेऱ्यांवर फिरवावा, हे अंदाजाने ठरवू नये. हिशेब शाळेतील गणिताइतका सोपा आहे. कापण्याची गती मिनिटाला किती मीटर हवी हे धातूवर आणि कटरवर अवलंबून असते. हायस्पीड पोलादाच्या कटरने साधे पोलाद कापताना ती सुमारे २५ मीटर धरतात. या आकड्याला १००० ने गुणावे आणि कटरच्या व्यासाला ३.१४ ने गुणून येणाऱ्या संख्येने भागावे. कटर १० मिलिमीटर व्यासाचा असेल तर उत्तर जवळजवळ ८०० येते, म्हणजे मिनिटाला ८०० फेरे. ॲल्युमिनियमसाठी ७५ मीटर धरले तर याच कटरला सुमारे २४०० फेरे लागतील. आता सरकण्याचा वेग पाहू. कटरला ४ धारा असून प्रत्येक धारेने ०.०५ मिलिमीटर धातू काढावयाचा असेल, तर ४ गुणिले ०.०५ गुणिले ८०० मिळून मिनिटाला १६० मिलिमीटर होतात. नवशिक्याने आरंभी यापेक्षाही कमी ठेवण्यास हरकत नाही. परंतु वेग फारच कमी ठेवला तर धार कापण्याऐवजी घासत राहते, कटर तापतो आणि लवकर बोथट होतो. तेव्हा अतिसावधपणाही येथे सर्वस्वी निर्दोष नाही.

मागच्याने ठेवलेले आकडे

सामाईक यंत्रावरील सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. तो नियंत्रकाच्या स्मृतीत असतो. यंत्राला स्वतःचे एक मूळस्थान असते. यंत्र सुरू केल्यावर त्याला तेथे नेऊन आणण्याची गरज बहुतेक यंत्रांवर असते. परंतु जॉब टेबलावर कोठे बांधला आहे आणि प्रत्येक कटर किती लांब आहे, या दोन गोष्टी चालकाने मोजून सांगाव्या लागतात. एकदा सांगितलेले हे आकडे यंत्र बंद केले तरी पुसले जात नाहीत.

एक उदाहरण घेऊ. समजा, सकाळी एका फिटरने ३ क्रमांकाच्या जागी आखूड कटर लावला. स्पिंडलच्या तोंडापासून त्याची लांबी ११० मिलिमीटर भरली आणि त्याने ती नोंदविली. काम आटोपून आपला कटर काढून तो निघून गेला. संध्याकाळी दुसऱ्या तरुणाने त्याच ३ क्रमांकावर आपला लांब कटर लावला, त्याची लांबी १४५ मिलिमीटर. घाईत त्याने ती मोजली नाही. त्याच्या आज्ञावलीत पहिली चाल अशी आहे की, कटरने जॉबच्या ५ मिलिमीटर वर येऊन थांबावे. यंत्राच्या समजुतीने कटर अजून ११० मिलिमीटरचाच आहे. म्हणून ते स्पिंडलचे तोंड जॉबपासून ११५ मिलिमीटरवर आणावयास निघते. प्रत्यक्ष कटर त्याहून ३० मिलिमीटर लांब आहे. म्हणजे कटर जॉबच्या वर न थांबता ३० मिलिमीटर आत घुसेल, आणि तेही कापण्याच्या मंद वेगाने नव्हे तर जलद चालीने.

ही जलद चाल किती जलद असते? लहान यंत्रावरही ती मिनिटाला २० मीटर असू शकते. सेकंदाला सुमारे ३३३ मिलिमीटर झाले. माणसाने पाहावे, समजावे आणि बटण दाबावे यात अर्धा सेकंद सहज जातो. तेवढ्यात यंत्र १६६ मिलिमीटर गेलेले असते, पाऊण वीत म्हणा ना. ‘बटणावर हात आहे, काही झाले तर थांबवू’ हा भरवसा किती पोकळ आहे, हे या हिशेबावरून ध्यानात यावे. जलद चाल पाव टक्क्यावर नव्हे, पण पावपट म्हणजे २५ टक्क्यांवर आणली तर त्याच अर्ध्या सेकंदात यंत्र सुमारे ४२ मिलिमीटर जाते. मग हात उपयोगी पडण्याचा थोडा तरी संभव राहतो.

म्हणून सामाईक कार्यशाळेत एक नियम अपवादाशिवाय पाळला जावा : आपण स्वतः मोजलेला नाही तो आकडा आपला नव्हे. येणाऱ्या प्रत्येकाने जॉबचे मूळस्थान आणि वापरावयाच्या प्रत्येक कटरची लांबी नव्याने घ्यावी; मागचा माणूस कितीही जुना व जाणता असो. जाणाऱ्यानेही आपले कटर काढून त्यांचे आकडे काय करावयाचे, हे कार्यशाळेच्या पद्धतीप्रमाणे करावे व वहीत लिहावे. कागदाचा तुकडा जॉबवर ठेवून कटरचा स्पर्श पाहण्याची जुनी रीत चांगली आहे. मात्र ती स्पिंडल बंद ठेवून, हँडव्हीलच्या सर्वांत बारीक टप्प्यानेच वापरावी.

आकड्यांच्या आणखी दोन चुका वारंवार घडतात. पहिली मापाच्या एककाची. जी २१ ही आज्ञा मिलिमीटरची आणि जी २० ही इंचाची. मागच्या आज्ञावलीतील जी २० लागू राहिली असेल तर १० चा अर्थ १० मिलिमीटर न होता २५४ मिलिमीटर होतो. दुसरी दशांशचिन्हाची. काही नियंत्रकांत ५० पुढे दशांशचिन्ह दिले नाही तर त्याचा अर्थ ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ मिलिमीटर, असा घेतला जातो. आज्ञावलीच्या पहिल्या ओळीतच एकक स्पष्ट लिहावे आणि प्रत्येक मापात दशांशचिन्ह घालावे.

पहिली फेरी

आज्ञावली प्रथम पडद्यावरील आकृतीत पाहावी. नंतर जॉबचे मूळस्थान उंचीच्या दिशेने, म्हणजे झेड अक्षावर, ५० मिलिमीटर वर घेऊन ती हवेत चालवावी. खोल कापण्याचे काम असेल तर ही उंची त्या खोलीपेक्षा अधिक ठेवावी, नाहीतर हवेतली फेरी हवेत राहणार नाही. या फेरीत एकेक ओळ थांबत चालविण्याची सोय वापरावी, जलद चाल २५ टक्क्यांवर किंवा त्याखाली ठेवावी आणि पडद्यावरील ‘उरलेले अंतर’ हा आकडा पाहत राहावे. कटर जॉबपासून डोळ्यांना दोन बोटे अंतरावर दिसतो आहे आणि पडदा मात्र अजून ६० मिलिमीटर जावयाचे आहे असे म्हणतो, तर तेथेच थांबावे; चूक सापडली आहे. मूळस्थान परत जागेवर आणण्याचे विसरू नये. पहिला खरा जॉबही याच रीतीने, पूर्ण वेग न देता करावा. या सर्वांस पंधरा-वीस मिनिटे जातात. मोडलेल्या स्पिंडलच्या दुरुस्तीस किती आठवडे आणि किती पैसे लागतात, हे ज्या कार्यशाळेने एकदा भोगले आहे ती या पंधरा मिनिटांचा हिशेब मांडीत नाही.

लाल छत्रीसारखे आणीबाणीचे बटण कोठे आहे, हे नवख्याला पहिल्याच दिवशी डोळे मिटून दाखविता आले पाहिजे. त्याच्यापुढे स्टूल, पिशवी, डबा काही ठेवू नये. बटण दाबल्यावर अक्ष थांबतात, परंतु काही यंत्रांवर स्पिंडल थोडा वेळ आपल्याच वेगाने फिरत राहतो. दार उघडताच यंत्र थांबावे म्हणून बसविलेली कळ कोणी तार किंवा चुंबक लावून निकामी केलेली असेल, तर त्या यंत्रावर काम करण्यास नकार द्यावा. असा नकार देणाऱ्यास व्यवस्थापकांनी भित्रा ठरवू नये. दाराची काचही साधी काच नसते. तडा गेल्यास तिच्या जागी खिडकीची काच बसविणे म्हणजे पडदा लावण्यासारखेच आहे.

कीस, कूलंट आणि धातूची ओळख

‘मास्तर, मशीन चालूच राहू दे, जरा कीस काढून घेतो’ हे वाक्य कार्यशाळेत सर्रास ऐकू येते. त्याला मास्तरांचे उत्तर एकच असले पाहिजे. कीस पात्यासारखा धारदार आणि नुकताच निघालेला असेल तर भाजण्याइतका गरम असतो. स्पिंडल पूर्ण थांबल्यावर, ब्रशने किंवा आकड्याने तो काढावा. हाताने किंवा चिंधीने काढू नये. दाबाची हवा मारून तो उडवू नये. तो शेजाऱ्याच्या डोळ्यात किंवा सरकपट्ट्यांच्या फटीत जातो.

कूलंट तयार करताना आधी पाणी घ्यावे व त्यात तेल ओतावे. उलट केले तर मिश्रण नीट होत नाही. प्रमाण तेलाच्या डब्यावर दिलेले असते. बहुधा ते २० भाग पाण्यास १ भाग तेल याच्या आसपास असते. कूलंटला कुजका वास येऊ लागला तर ते बदलावे. अशा पाण्यात सतत हात राहिल्याने कातडीला खाज व भेगा येतात.

सामाईक कार्यशाळेत लोक घरचा किंवा भंगारातला धातू घेऊन येतात. हलका पांढरा धातू म्हणजे ॲल्युमिनियमच, असे समजू नये. तो मॅग्नेशियमचा मिश्रधातू असू शकतो आणि त्याचा बारीक कीस पेट घेतो. ही आग पाण्याने विझत नाही, अधिक भडकते. तिला धातूच्या आगीसाठी मिळणारी खास कोरडी पूडच लागते. ओळखण्याची साधी रीत वजनाची आहे : ॲल्युमिनियमचा घन सेंटिमीटर सुमारे २.७ ग्रॅम भरतो, मॅग्नेशियमचा १.७ ग्रॅमच्या आसपास. मापून, तोलून संशय आल्यास तो तुकडा यंत्रावर घेऊच नये.

वीज गेली तर

खेड्यापाड्यांत हा प्रसंग हमखास येतो. अशा बहुतेक यंत्रांत कटरचा होल्डर स्प्रिंगच्या जोरावर धरलेला असतो, त्यामुळे वीज जाताच तो गळून पडत नाही. परंतु कटर जॉबमध्ये रुतलेल्या स्थितीत यंत्र थांबते. चालकाने प्रथम मुख्य स्विच बंद करावा, म्हणजे वीज परत येताना होणाऱ्या झटक्यापासून नियंत्रक वाचेल. वीज स्थिर झाल्यावर यंत्र चालू करून कटर झेड अक्षावर हळूहळू वर काढावा, त्याची धार तपासावी, आणि मूळस्थानाची फेरी मगच घ्यावी. आज्ञावली मधल्याच ओळीपासून पुढे चालू करण्याचा मोह टाळावा. वीज गेल्याने आधीच्या ओळींत दिलेल्या कटरच्या लांबीसारख्या आज्ञा लागू राहिलेल्या नसतात, आणि मधली ओळ एकटी चालविली तर वर सांगितलेलाच अपघात घडतो. त्या कटरचे काम त्याच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवावे. थोडा भाग हवेत कापला जाईल, एवढेच.

दुरुस्ती किंवा आतील सफाई करणाऱ्याने मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. ‘काम चालू आहे’ अशी पाटी नुसती टांगून भागत नाही. पाटीवरून आठवले : बेळगाव भागात कामगार मराठी व कन्नड बोलतात, गोव्यात कोंकणी, मराठी आणि हिंदी, आणि यंत्राचा पडदा मात्र इंग्रजीत बोलतो. नेहमी येणाऱ्या पंधरा-वीस सूचनांचे अर्थ स्थानिक भाषांत मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याशेजारी चिकटविणे, हे तंत्रशाळेच्या शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून एका दुपारी करवून घेता येईल.

शाळेतील मुलांनी यंत्राचे काम बंद दाराच्या काचेतून पाहावे. आज्ञावली त्यांनी जरूर लिहावी. यंत्र मात्र प्रशिक्षित प्रौढानेच चालवावे. कार्यशाळेत एकट्याने, विशेषतः रात्री, यंत्र चालविण्याची मुभा कोणासही नसावी. डोळ्यात कण गेला तर डोळा चोळू नये, रुतलेला कण काढण्याचा प्रयत्न करू नये; डोळा हलकेच झाकून रुग्णालय गाठावे. बोट तुटल्यास जखमेवर स्वच्छ कापडाने दाब देऊन हात उंच धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी, बर्फाला तो भाग थेट लागू देऊ नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक दूरध्वनीशेजारी लिहिलेला असावा.

यंत्राची वही यंत्राजवळच दोरीने बांधलेली असावी. तीत तारीख, वेळ, चालकाचे नाव, धातू, वापरलेले कटर व त्यांचे क्रमांक, आणि शेवटच्या रकान्यात ‘काय बिघडले किंवा वेगळे वाटले’ एवढे लिहावे. हा शेवटचा रकाना बहुतेक वह्यांत कोरा असतो. कटर मोडल्याची नोंद केली तर भरपाई द्यावी लागेल, या भीतीने लोक तो कोरा ठेवतात आणि पुढच्या माणसाला तडा गेलेला होल्डर मिळतो. नोंद करणाऱ्याकडून दंड घेऊ नये, असा ठराव कार्यशाळेच्या समितीने करून तो वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवावा.